सांधा

गॅरेजवाल्या इम्तियाजने बोट लावून दाखवलं:
थर्मोस्टॅटचं घर फुटलंय, ताई.
सुटं येत नाही. अख्खा सेट, चार हजार आठशे,
तोही मंगळवारपर्यंत आला तर.
मी म्हटलं, काढून तर दे.
त्याने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं,
बोंबील देतात तसं.

जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली मी ते उलटं केलं.
पोटावर बारीक अक्षरं उमटलेली:
पीए सहासष्ट, जीएफ तीस.
म्हणजे नायलॉन, आणि शंभरात तीस भाग काचेचे तंतू.
इम्तियाजला हे वाचता येत नाही, नवऱ्यालाही नाही.
मला येतं. एकोणीस वर्षं रबाळ्याला
दीडशे टनी मशीनचं दार उघडत-मिटत होते,
दर बेचाळीस सेकंदांना एक नग,
हातमोज्यातूनही चटका देणारा.
मग कंपनी चाकणला गेली.
मी घणसोलीतच राहिले.

चीर वेडीवाकडी होती, पण वाट चुकलेली नव्हती.
बरोबर तिथून गेली होती
जिथे साच्यातल्या पिनेला दोन्हीकडून वळसा घालून
रस पुन्हा एकमेकाला भेटतो.
भेटतो, पण तोवर जरा निवलेला असतो.
वरून एकजीव. नखाने चाचपलं
तर केसाएवढी रेघ.
सुपरवायझर धुमाळ म्हणायचा, तेवढं चालतं.
चाललंच की. अकरा वर्षं चाललं.

शेजारचे कुरणे म्हणाले, एम-सील लावा,
आमच्या टाकीला लावलंय, गणपतीपासून थेंब नाही.
तुमच्या टाकीतलं पाणी उकळत नाही, कुरणे.

नायलॉनला नायलॉनच लागतं.
ते घरातच होतं: केबल टाय,
अश्लेषाच्या सायकलला, बाल्कनीच्या जाळीला,
ड्रॉवरमध्ये सुटे चार, एक काळा.

पण आधी सुकवायचं. नायलॉन पाणी पितं,
इथल्या खाडीच्या हवेत तर गुपचूप, पोटभर.
ओलं वितळवलं की फेस येतो,
फेसात जोर नसतो.
म्हणून कढईत वाळू, वाळूत डबा, डब्यात ते घर,
मंद आचेवर चार तास.
सासूबाई झाकणाशी वाकल्या.
नानकटाई गं?

हॅक्सॉच्या पात्याने चिरेचं तोंड रुंद केलं.
सांधण्याआधी आणखी थोडं फोडावं लागतं,
बघणाऱ्याला ते बघवत नाही.
नवरा उठून गॅलरीत गेला.
गाळणीची जाळी कापून आत निजवली,
वर टाय वितळवत गेले, टाचणीच्या डोक्याएवढा,
पुन्हा टाचणीच्या डोक्याएवढा.
वास सुटला, जळक्या केसांचा,
आणि त्या वासात अख्खी दुसरी पाळी:
पत्र्यावर तापलेली दुपार,
डब्यातली कारल्याची भाजी,
"कडा काढ गं नीट," म्हणत
स्वतःची सुरी माझ्यापुढे सरकवणारी मुमताज.
तिच्या सुरीला मूठ नव्हती, चिंधी होती.
ती आता कुठे असेल, ठाऊक नाही.

सकाळी बसवलं, पाणी भरलं, ऐरोलीच्या पुलापर्यंत गेलो,
टोलच्या अलीकडून वळलो.
काटा मध्यावर येऊन बसला तो उठलाच नाही.
नवरा काही बोलला नाही. रेडिओ लावला.
गाडीवर भरवसा नसला की तो रेडिओ लावत नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला.
सकाळी त्यावर एक डाग, रुपयाएवढा.
वाकून बोट लावलं, वास घेतला.
कूलंट हिरवं असतं, गोडसर.
हे हिरवं नव्हतं.
कुत्रं असेल, वॉचमन म्हणाला.
असेल.

मी नवा पुठ्ठा घातला.
कोपऱ्यात पेनने लिहिलं:
तारीख, पाळी पहिली,
आणि सहीच्या जागी, जुन्या सवयीने,
माझा मशीन नंबर.